छत्री, चष्मा, टोपी : आजीच्या वह्यांच्या प्रकल्प नोंदी

2 मार्च 2025, रविवार

आजीची पत्र्याची ट्रंक आज बाबांनी माळ्यावरून खाली काढली. कार्तिक शुद्ध अष्टमीला, 9 नोव्हेंबर 2024 रोजी आजी गेली. यंदा ती तिथी 30 ऑक्टोबरला येते. वर्षश्राद्धापर्यंत तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची असं घरात ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मी ऑडिट करते, "तुला कागदांची सवय आहे".

ट्रंकेतला माल: लाल कापडी पाठीच्या सात लांब वह्या. तीन रेशनकार्डं. मतदार ओळखपत्र. प्लास्टिकच्या पिशवीत सुतळीनं बांधलेले बँकेचे कागद. एक कॅसेट, वर नाव नाही. आजोबांचा गिरणीचा बिल्ला. अडकित्ता. आजीची जुनी कवळी (ही कुणी ठेवली ते कुणी कबूल करत नाही). तळाला डांबराच्या गोळ्यांची पूड आणि कसरीनं खाल्लेलं एक हिरवं लुगडं.

कामाची पद्धत ठरवली. प्रत्येक पानाचा फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. फाइलचं नाव वही क्रमांक-पान क्रमांक. पान फाटकं असलं तरी चिकटपट्टी लावायची नाही. वह्यांना हात मी आणि आत्या दोघींनीच लावायचा. बाबांना हे आवडलेलं नाही.

9 मार्च

पहिला प्रश्न साधा वाटला होता: आजी गेली तेव्हा किती वर्षांची होती? पुस्तिकेच्या पहिल्या पानावर जन्मसाल तर हवं.

आधार कार्डावर 1 जानेवारी 1936. ज्यांना जन्मतारीख सांगता येत नाही त्या सगळ्यांचा वाढदिवस सरकारनं 1 जानेवारीला लावून दिलाय, आमच्या चाळीत तर त्या दिवशी निम्म्या म्हाताऱ्या जन्मल्यात. 1978च्या रेशनकार्डावर वय 45, म्हणजे जन्म 1933चा. मतदार ओळखपत्रावर 1 जानेवारी 1995 रोजी वय 55, म्हणजे 1940. हे खरं मानलं तर आजीचं लग्न सातव्या वर्षी झालं आणि मोठे काका तिच्या अकराव्या वर्षी झाले.

नोकरीत मला असे तीन कागद कुणी दिले असते तर मी तिन्ही परत पाठवले असते.

तिला विचारायची सोय होती तेव्हा विचारलं होतं. "माजा वय तुना कशाला पायजे? तुज्यापेक्षा मोठी हाय, बस."

30 मार्च, गुढीपाडवा

सगळे जमले होते, म्हणून वयाचा विषय काढला. बाबांचं म्हणणं आधार कार्ड छापा आणि मोकळे व्हा. आत्या श्रीखंड वाढता वाढता म्हणाली, "आईची आई नेहमी सांगायची, चिरनेरला गोळ्या सुटल्या तेव्हा ही पाळण्यात होती."

एका वाक्यात काम झालं. उरणजवळच्या चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणि तिथला गोळीबार 25 सप्टेंबर 1930चा. पणजीचं माहेर त्याच बाजूला. स्वतःच्या बाळंतपणाच्या सुमारास माहेरच्या डोंगरावर गोळ्या चालल्या, तर बाई ते विसरत नाही. पाळण्यातलं मूल म्हणजे फार तर वर्षाचं. तेव्हा जन्म 1930च्या आसपास आणि गेली तेव्हा वय चौऱ्याण्णव. मी हे नोंदवून टाकलं. तीन कागदांपेक्षा पणजीचा पाळणा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

म्हणजे 1933 साली चरीचा संप, जमीनदार खोतांविरुद्धचा शेतकऱ्यांचा, सुरू झाला तेव्हा आजी तीन वर्षांची होती. तिचं माहेर अलिबाग तालुक्यातलं चरी, घर आगऱ्यांचं, जमीन खाडीकाठच्या खारेपाटातली. हे सगळं मला माहीत होतं, पण संप आणि आजीचं वय असं शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

13 एप्रिल

वही क्रमांक 1 उघडली. आजीला लिहिता येत नव्हतं हे आम्हाला माहीत होतं. तरीही तिनं खाणावळीचा हिशेब पस्तीस वर्षं चोख ठेवला हेही माहीत होतं. दोन्ही एकदम कसं खरं असेल हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, मलासुद्धा नाही.

पानाच्या डाव्या कडेला एकाखाली एक चित्रं. छत्री. चष्मा. टोपी. विळा. कंदील. मासा. दोन टेकड्या. प्रत्येक चित्रासमोर उभ्या रेघा, मध्येच फुली, परत रेघा. काही ठिकाणी रेघेला वर टिंब.

आत्या चष्मा पुसून बसली आणि पुढचे दोन तास मी फक्त लिहून घेतलं. चित्र म्हणजे माणूस. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन वेळा जेवायला येणारा गिरणीकामगार. रेघ म्हणजे तो जेवला. फुली म्हणजे खाडा. रेघेवर टिंब म्हणजे त्यानं पाहुणा आणला, दोन ताटं. भरीव काळा गोळा म्हणजे पगाराचा दिवस. गोळ्याखाली आडवी रेघ म्हणजे पैसे चुकते.

"छत्री कोण?"

"त्रासनखात्यात होता, सूत काततात तिथं. उन्हाळ्यातही छत्री घेऊन यायचा."

"आणि दोन टेकड्या?"

आत्या हसायला लागली. "सातारकडचा होता. सारखं आमचा डोंगर, आमचा डोंगर."

विळा म्हणजे लाल बावट्यावाला, हे मी न विचारता ओळखलं. नावं मात्र पुस्तिकेत येणार नाहीत. आत्याला ती निम्मीच आठवतात आणि आजी तरी त्यांना नावानं कुठं ओळखत होती. तिच्याकडे सगळे "मावशी" म्हणत येत, आणि तिच्या वहीत जाऊन छत्री नाहीतर कंदील होत.

20 एप्रिल

वही 1 आणि 2 मिळून 188 पानांचे फोटो झाले. अंगठा दुखतोय.

4 मे

कॅसेट. वाजवण्याआधी उघडून पाहिली हे बरं झालं. फितीला दाबून धरणारी फोमची गादी सुटून पडली होती आणि फितीच्या कडेला पांढरी बुरशी होती. स्क्रूनं उघडणारी एक चांगली रिकामी कॅसेट घेतली, दोन्ही रिळं त्यात बसवली, बुरशी कोरड्या मऊ कापडानं अलगद टिपली. एकदाच वाजवायची आणि वाजताना संगणकावर घ्यायची, असं ठरवून बसलो. दुसरी संधी मिळेलच असं नसतं.

आवाज आला तो लग्नघराचा. धवले चालले होते. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागते. हळद, मांडव, वरात, प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडून होतं आणि बाकीच्या बाया मागून धरतात. आजी धवलारीण नव्हती, मागून धरणाऱ्यांतली होती. चाळीस मिनिटं आम्ही तिचा आवाज त्या घोळक्यात शोधत होतो. बाबा म्हणत हा, आत्या म्हणे तो.

मग एका गाण्याच्या मधोमध, माइकच्या अगदी जवळून, गाणं सोडून आवाज आला: "अगो, भात बघ गो, खाली लागला." आणि लगेच परत गाण्यात.

बाबा उठून गॅलरीत गेले. हा तुकडा वेगळा कापून ठेवलाय, चार सेकंदांचा.

1 जून

बँकेची पिशवी. इथं मात्र तारखा आहेत, त्यामुळे माझं मन रमलं.

खाणावळवाल्या बायांची अडचण अशी होती की माल महिनाभर उधारीवर आणायचा, जेवण महिनाभर उधारीवर घालायचं आणि पैसे गिरणीचा पगार झाला की येणार. मधल्या दिवसांसाठी सावकार. भांडी, मंगळसूत्र, सगळं त्याच्याकडे जाऊन-येऊन असायचं. गोवा मुक्ती लढ्यातून आलेल्या आणि गिरणगावात कामगारांत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायांना गट करून राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात उभं केलं. तारण काही नाही, एकीनं दुसरीची हमी घ्यायची.

आजी लगेच गेली नव्हती. आत्या सांगते, पहिले काही महिने तिचं मत होतं की बँक म्हणजे मोठा सावकार, फक्त पंख्याखाली बसलेला. शेजारणीला कर्ज मिळालं आणि तिची भांडी घरी परत आली, तेव्हा गेली.

पिशवीत तीन कर्जांचे कागद आहेत. पहिल्यावर अंगठा. दुसऱ्यावर अंगठा. तिसऱ्यावर सही: थरथरती, रेघेच्या वर गेलेली, आडनावातला एक काना विसरलेला. आत्यानं पाटीवर शिकवली होती. ती सही मी मोठी करून पाहिली. अक्षरं तिनं लिहिलेली नाहीत, काढलीत, छत्री काढावी तशी.

22 जून

वह्यांची सालं लावायचं काम अडलं होतं. आजीनं कुठंही साल लिहिलेलं नाही, कसं लिहिणार. महिनेही नाहीत. पण रेघांच्या वर, पानाच्या डोक्याला अधूनमधून छोटी चित्रं आहेत, ती मी इतके दिवस नक्षी समजत होते. काठीवर उपडा गडू: पाडवा. नारळ: नारळी पौर्णिमा. मोदक. जोडपान: दसऱ्याचा आपटा. पणती. ज्वाळा: होळी. आजीची दिनदर्शिका.

मग साल काढता येईल का? सण इंग्रजी तारखेला दरवर्षी पुढंमागं होतात. पण दोन सणांमधल्या रेघा मोजल्या तर त्या साधारण तेवढ्याच भरतात. गणपती ते दसरा पस्तीस-छत्तीस दिवस. वही 4 मध्ये छत्तीस. वही 5 मध्ये पस्तीस. वही 6 मध्ये मोजल्या तर पासष्ट.

परत मोजल्या. पासष्ट. एक रेघ तेलाच्या डागाखाली असावी, ती धरली तर सहासष्ट.

आधी वाटलं आजीची चूक. अर्ध्या तासानं डोक्यात प्रकाश पडला: अधिक महिना. पण कुठलाही अधिक नाही. अधिक भाद्रपद गणपतीच्या आधीच सरतो. गणपती आणि दसरा यांच्या मध्ये घुसतो तो फक्त अधिक अश्विन. जुनी पंचांगं पाहिली: 1974ला भाद्रपद, 1980ला ज्येष्ठ. अधिक अश्विन 1982ला. त्या साली गणपती 22 ऑगस्टला बसले आणि दसरा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेला.

वही 6 म्हणजे 1982. गिरणी संपाचं साल.

मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "मग त्यात विशेष काय? आईची रेघ कधी चुकायची नाही."

24 जुलै, गटारी

आज कामाला हात लावला नाही, पण एक नोंद करायची आहे.

आजी लाँचमध्ये कधी बसली नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवस समोर दिसावं इतकं जवळ, तरी ती माहेरी जायची एसटीनं, पनवेल-पेण असा वळसा घालून, ओकाऱ्या काढत. 2020मध्ये गाड्या घेऊन जाणारी रो-रो बोट मांडव्याला सुरू झाली, तेव्हा चुलतभावानं तिला किती समजावलं. गाडीतून उतरायचंही नाही आजी, काच वर करून बस. "तुमी जा," म्हणाली.

कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नसे. 17 जुलै 1947, गटारीच्या सणाला घरी निघालेली माणसं घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेवर माणसं गेली. आजीचं लग्न त्या वैशाखातलं. आजोबांना पाळी बदलून मिळाली नाही म्हणून ते त्या बोटीवर नव्हते. तिचा चुलतदीर होता. आजी तेव्हा सासरी, अलिबागकडेच होती. मुंबईला ती त्यानंतर आली, आणि आली तीही रस्त्यानं.

तिच्या लग्नाचं साल यातूनच पक्कं झालं. आमच्या घरात लग्नपत्रिका नाही, रामदास आहे.

10 ऑगस्ट

वही 6, सलग.

जानेवारीत चित्रं एकोणीस. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, पुढारी डॉ. दत्ता सामंत. वहीत त्या दिवशी काहीच नाही, रेघा जशा होत्या तशा. उलट काही दिवस खाडे कमी झालेत, कारण माणसं दोन्ही वेळा घरीच. फेब्रुवारीत एक काळा गोळा आहे, अर्धवट भरलेला. त्यानंतर वहीत गोळा नाही. कुठंच नाही.

रेघा मात्र आहेत. होळीच्या ज्वाळेखाली अठरा चित्रं. पाडव्याला सोळा. मग एकेकाची ओळ तुटत जाते: मृग लागायच्या सुमारास कंदील, दोन टेकड्या आणि आणखी दोघं एकदम. पेरणीला गावी गेले. दोन टेकड्या नारळी पौर्णिमेनंतर परत येतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जातो. मोदकाखाली अकरा. आपट्याच्या पानाखाली चार: छत्री, चष्मा, विळा, मासा.

संपाचा इतिहास मी वाचला होता. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही हेही वाचलं होतं. पण एका खोलीत, एका पानावर, माणसं अशी डावीकडून गळत जाताना पाहिली नव्हती.

ऑडिटची सवय म्हणून येणं काढलं. त्या वर्षी महिन्याचे 140 रुपये, हा आकडा आत्याच्या शाळकरी अक्षरात पुठ्ठ्यावर आहे. बिनपगारी महिने आणि माणसं गुणून बेरीज 82. म्हणजे 11,480 रुपये थकबाकी. आजोबांचाही पगार बंद असताना.

बाबांना आकडा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या वर्षी तिच्या पाटल्या गेल्या. आम्हाला सांगितलं, हात सुजतात म्हणून काढल्या."

आत्यानं भर घातली: पहाटे ससून डॉकला कोळंबी सोलायला जायची, हाताला वास यायचा म्हणून परत आल्यावर राखेनं हात घासायची आणि मगच पीठ मळायची. म्हणजे हात सुजतात हे खोटं नव्हतं.

27 ऑगस्ट, गणेश चतुर्थी

आरतीनंतर चुलतभाऊ म्हणाला, "माझ्या जुन्या फोनमध्ये आजीचं काहीतरी आहे." मार्चपासून ग्रुपवर मी सहा वेळा विचारलं होतं. असो.

41 मिनिटांचं ध्वनिमुद्रण, 2017चं. त्याला कॉलेजात प्रकल्प होता म्हणून त्यानं तिला चरीच्या संपाबद्दल विचारलं होतं. त्यातला बराच भाग त्याचे प्रश्न आणि पंखा. पण आजी बोलते.

संपाची हकीकत थोडक्यात, पुस्तिकेसाठी: खोताची जमीन कसायची, पिकाचा मोठा वाटा खोताला द्यायचा, वर वेठबिगार, कबुलायतीवर, म्हणजे कुळाच्या करारावर, आंगठा. नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली 27 ऑक्टोबर 1933ला चरीत सभा झाली आणि पंचवीस गावांनी ठरवलं की खोताची जमीन पिकवायचीच नाही. शेतं पडीक ठेवून माणसं सुमारे सहा वर्षं बसली, 1939पर्यंत. डोंगरातली लाकडं विकली, खाडीतलं मिळेल ते खाल्लं. डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले आणि 1937मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं.

आजी यातलं काही सांगत नाही. तिला सहा वर्षं काय खाल्लं ते आठवतं. चिंबोऱ्या. निवट्या. वालाची पानं. पेज, आणि पेजेतलं पाणी वाढत गेलेलं. मग तिचं हे वाक्य, जसंच्या तसं उतरवते:

"संपात पयलं तेल जातं. मंग डाल जाते. मीठ शेवटपावत रव्हतं. आयस बोलायची, मीठ हाय ना, मंग घर हाय."

मी मोदकाची ताटली खाली ठेवली आणि वही 6 ची शेवटची पानं उघडली. आजी मालाची खरेदी वहीच्या मागच्या बाजूनं नोंदवायची, तीही चित्रांत. बाटली, डाळीचे तीन ठिपके, तांदळाचं पोतं, सुकटीची मुठी, मिठाचा चौकोन. बाटली पाडव्यानंतर एकदाच दिसते, मग नाही. डाळीचे ठिपके जूनच्या सुमारास थांबतात. पोतं येत राहतं. ते मामा चरीहून एसटीच्या टपावर टाकून पाठवत, हे आत्याला आठवतं. सुकट वाढते. मिठाचा चौकोन दर पंधरवड्याला, शेवटच्या पानापर्यंत.

नऊ वर्षांची होईपर्यंत जे पाहिलं, ते बावन्नाव्या वर्षी त्याच क्रमानं केलं. आधी काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं हे तिला ठरवावं लागलंच नसेल.

मोदक गार झाले म्हणून काकू ओरडल्या.

14 सप्टेंबर

पितृपक्ष. आत्याला कावीळ झालीय. काम बंद.

5 ऑक्टोबर

मजकुरावरून भांडण. मोठ्या काकांनी पहिल्या पानासाठी लिहून पाठवलं: "त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, साक्षात अन्नपूर्णा." मी म्हटलं, यातला एकही शब्द तिनं आयुष्यात उच्चारला नसेल.

आणि ते खरंही नाही. आजी व्यवहाराला कडक होती. खाडा आदल्या रात्री सांगितला नाही तर ती तो धरायची नाही, ताटाचे पैसे लागले. तव्यावरची दुसरी भाकरी मागितली तर आधी आदल्या महिन्याचं विचारायची. मला लहानपणी दहा रुपये उसने दिले होते, दहावीच्या निकालाला कापून घेतले. अशा बाईनं बिनपैशाच्या 82 महिन्यांच्या रेघा का ओढल्या, हा प्रश्न "वात्सल्यसिंधू" म्हटलं की संपून जातो, म्हणून मला तो शब्द नको.

कारण तिनं रेघा ओढणं थांबवलं नाही. फुकट घालायचं असतं तर लिहायची गरज नव्हती.

तडजोड: पहिल्या पानावर विशेषण नाही, सहीचा फोटो. काकांचा मजकूर शेवटी, त्यांच्या नावानं.

आणखी एक अडचण नोंदवून ठेवते. वही 6 मध्ये पाच चित्रांच्या ओळींखाली आडवी रेघ आहे. आडवी रेघ म्हणजे पैसे चुकते. पण त्यांच्या पुढं पगाराचा गोळा नाही आणि पैसे कुठून येणार? चष्मा त्यातलाच. बाबा म्हणतात, माफ केलं. आत्या म्हणते, माफ-बिफ आईला येत नव्हतं, माणूस गेला असेल. वारला का, विचारलं तर म्हणाली, "गेला म्हणजे गेला. गावी, नाहीतर वर. परत यायचा नाही एवढं तिला कळलं, की रेघ."

मी पुस्तिकेत दोन्ही मतं दिली नाहीत. आडवी रेघ आहे तशी छापतेय.

27 ऑक्टोबर, सोमवार

रजा टाकून चरीला गेले, बाबांना घेऊन. आज संपाचा दिवस. बाबांना म्हटलं, लाँचनं जाऊ, तासाभरात पोचू. ते म्हणाले, आईचं वर्ष अजून झालेलं नाही. एसटीनं गेलो, पेणवरून.

भात कापणीला आलेलं. खारेपाटातली शेतं म्हणजे खाडीला बांध घालून मागं ढकललेली जमीन. एक वर्ष बांध राखला नाही तर खारं पाणी आत येतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण बांधावर उभी राहिल्यावर पहिल्यांदा नीट समजलं की सहा वर्षं शेत पडीक ठेवणं म्हणजे काय पणाला लावणं होतं.

मामींना वहीचे फोटो दाखवले. त्यांनी मिठाचा चौकोन लगेच ओळखला आणि बाकी कशात रस दाखवला नाही. निघताना वालाची पुरचुंडी आणि पांढऱ्या कांद्याची वेणी दिली. "श्राद्धाला कांदा नको, दुसरे दिवशी खा."

पुस्तिका काल छापायला गेली. 48 पानं, 60 प्रती.

29 ऑक्टोबर, रात्री

प्रती आल्या. आत्या आता बरी आहे, फक्त तेलकट बंद. उद्याच्या स्वयंपाकाची यादी करायला आली आणि पुस्तिका चाळत बसली. सहीवर बोट फिरवलं. विळ्यापाशी हसली. पान 31 वर थांबली.

"हा आकडा कुणी काढला?"

"मी. 82 गुणिले 140."

"खाडे वजा केलेस?"

केले नव्हते. मी ओळ चालू आहे तो पूर्ण महिना धरला होता.

"फुल्या मोज की. गावी गेलेल्या दिवसांचे आई पैसे लावायची नाही. आणि टिंबाचं ताट वेगळं धरायचं, ते तू धरलंच नाहीस. दोन टेकड्या भावाला घेऊन यायचा पंधरा-पंधरा दिवस." पुस्तिका मिटून तिनं माझ्या हातात दिली. "साठ प्रती छापल्यास चुकीच्या."

उद्या सकाळी नऊला भटजी येणार आहेत. वाल भिजत घातलेत. वही 6, पान 41 पासून फुल्या मोजायला घेतल्यात. छत्रीचे मार्चपर्यंतचे खाडे सात.